लष्करी व्यभिचारप्रकरणें : दप्तरांतील नांव व लोकांतील बोभाटा

लष्करी चौकशीचे जुने कागद चाळणारास एक अडचण वारंवार येते. अधिकाऱ्यानें परस्त्रीशीं संबंध ठेवल्याचें प्रकरण असतें, पण आरोपांत 'व्यभिचार' हा शब्दच सांपडत नाहीं. मनूनें 'स्त्रीसंग्रहण' हें अठरा व्यवहारपदांत स्वतंत्र मानिलें. पेशवे दप्तरांत 'शिंदळकी' असें उघड लिहीत. उलट, रांझ्याच्या मोकदमाविषयीं शिवाजी महाराजांचें १६४६ चें जें पत्र आहे, त्यांत शब्द आहे 'बदअमल', म्हणजे केवळ वाईट वर्तन. भारतीय सेना अधिनियम (१९५०) ह्याच वळणाचा आहे. त्याचें ४५ वें कलम पदास व अपेक्षित चारित्र्यास न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल अधिकाऱ्यास बडतर्फीपर्यंत शिक्षा सांगतें. व्यभिचार त्याच्या पोटांत येतो. 'बंधुसमान अधिकाऱ्याच्या पत्नीचें प्रेम चोरणें' हा प्रयोग आरोपपत्रांच्या परिपाठांतला आहे, त्या कलमांतला नव्हे. संग्राहकांनीं टांचण करतांना हा भेद अवश्य पाळावा.

पण 'चोरणें' हें क्रियापद आलें कोठून? मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यांत व्यभिचार हा गुन्हा नव्हता. १८६० च्या दंडसंहितेंत ४९७ वें कलम म्हणून तो आला. त्यांत अपराधी फक्त परपुरुष. पतीची संमति असल्यास गुन्हाच नाहीं. स्मृतींतील क्षेत्र व बीज ह्यांची चर्चा ज्यांनीं वाचली आहे, त्यांस ह्यांतील स्वामित्वकल्पना नवी वाटणार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २७ सप्टेंबर २०१८ रोजीं तें कलम रद्द केलें. तेव्हां सरकारनें सैन्यापुरता खुलासा मागितला : दूर सरहद्दीवरील सैनिकास घरची चिंता लागून राहील, असें त्याचें म्हणणें. ३१ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं, तो निर्णय सैन्यविषयक कायद्यांच्या तरतुदींबाबत नव्हता. शिस्तीचा मुद्दा मला मान्य आहे. हाताखालच्या माणसाच्या संसारांत वरिष्ठानें शिरावें, हें कोणती पलटण सोसील? मात्र वरील युक्तिवादांत संशय पत्नीवरच येतो, हें खटकतें.

लोकक्षोभाचा ठळक दाखला अमेरिकेंतला आहे. केली फ्लिन ही बी-५२ विमानाची पहिली स्त्री वैमानिक. विवाहित पुरुषाशीं संबंध ठेवल्याच्या प्रकरणांत ती मे १९९७ मध्यें वायुदलांतून बाहेर पडली. थोड्याच दिवसांत जनरल राल्स्टन ह्यांचें नांव सर्वोच्च सेनापदासाठीं पुढें आलें आणि त्यांचाहि पूर्वीचा असाच संबंध उघडकीस आला. संरक्षणमंत्री कोहेन प्रथम त्यांच्या पाठीशीं राहिले. तेव्हां लेफ्टनंटास एक माप आणि जनरलास दुसरें, असा गहजब झाला व जूनमध्यें राल्स्टन ह्यांनीं माघार घेतली. परंतु हातचें उपाध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिलें. फ्लिनवर खोटें निवेदन व आज्ञाभंग हेहि आरोप होते. गहजबांत ते मागें पडले. आरोपपत्रांत मात्र ते आहेत.