मे महिन्यात स्वित्झर्लंडला जाताय? आधी हे वाचा

धर्माबादमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळांना सुट्टी असते. त्यामुळे आपल्याकडच्या टूर कंपन्यांसाठी हा ऐन सीझन. स्वित्झर्लंडमध्ये मात्र तेव्हा वसंत ऋतू असतो. तिथली मोठी गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये होते. साहजिकच हॉटेलं त्या मानाने स्वस्त मिळू शकतात.

मग अडचण कसली? बर्फाची. २,४२९ मीटर उंचीवरचा फुर्का घाट बऱ्याचदा मेअखेर किंवा जूनपर्यंत बंदच असतो. अनेक रोप-वेंची देखभालही याच काळात निघते. म्हणून पॅकेजमधला फोटो पाहून पैसे भरू नका. आपल्या तारखेला काय सुरू असेल, ते आधी विचारा. ३,४५४ मीटरवरचं युंगफ्राउयोख स्टेशन वर्षभर सुरू असतं. आणि लाउटरब्रुननचे धबधबे? बर्फ वितळत असल्याने ते याच दिवसांत भरभरून कोसळतात.

खरी घाई व्हिसाची. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. मुलांची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये बेत ठरवणाऱ्यांची गाडी इथेच अडते. विमानासाठी मात्र मुंबई गाठायची गरज नाही, धर्माबादकरांना हैदराबाद कितीतरी जवळ आहे.