मुके झालेले पोर्ट : दोष यंत्राचा की प्रणालीचा?

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणकांच्या विक्रीची व दुरुस्तीची मोठी पेठ होय. अशा पेठेत दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांबाबत एक तक्रार मोठी चमत्कारिक असते. ज्या यूएसबी पोर्टमध्ये की-बोर्ड, माउस किंवा पेन ड्राइव्ह कालपर्यंत सुरळीत चालत होता, तेच पोर्ट नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसविताच मुके होते. यंत्र पडलेले नसते, तार तुटलेली नसते. मग बिघडले तरी काय?

याचे उत्तर समजण्यासाठी पोर्टची रचना पाहिली पाहिजे. बाहेरून दिसणाऱ्या खाचेत धातूचे संपर्कबिंदू असतात. त्यांच्यामागे कंट्रोलर, म्हणजे नियंत्रक, नावाची चिप असते. या चिपशी बोलण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्रायव्हर नावाचा आज्ञासंच असावा लागतो. खाच, नियंत्रक आणि ड्रायव्हर ही एका साखळीची तीन कडी आहेत. उपकरण जोडले की त्याला प्रथम ५ व्होल्ट दाबाची वीज मिळते. मग प्रणाली त्याची ओळख विचारते. उपकरण आपल्या उत्पादकाचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक आणि आपला वर्ग सांगते. त्यावरून प्रणाली योग्य ड्रायव्हर निवडते. तिसरे कडे निखळले असेल, तर वीज पोहोचते, पण संभाषण होत नाही. मोबाइल फोन चार्ज होत राहतो, परंतु त्यातील छायाचित्रे संगणकाला दिसत नाहीत.

या प्रकाराचे एक बोधप्रद उदाहरण अलीकडच्या इतिहासात सापडते. यूएसबीचे पहिले मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. ते घडविणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंता अजय भट्ट अग्रणी होते. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट होता, तर २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने तो ५०० कोटींवर नेला. तारांची संख्या ४ वरून ९ झाली आणि नियंत्रकही नव्या धर्तीचा आला. लिनक्सच्या गाभ्यात या नियंत्रकाचा ड्रायव्हर सप्टेंबर २००९ मध्ये दाखल झाला. पुढच्याच महिन्यात आलेल्या विंडोज ७ मध्ये मात्र तो नव्हता. उत्पादकाकडून तो निराळा घेऊन बसवावा लागे. विंडोजमध्ये तो मुळातच अंतर्भूत झाला, तो २०१२ सालच्या विंडोज ८ पासून.

काही वर्षे ही उणीव फारशी जाणवली नाही, कारण यंत्रांत जुना नियंत्रकही असे. २०१५ साली इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर आलेल्या रचनेतून तो वगळला गेला. अशा यंत्रावर मूळ तबकडीवरून विंडोज ७ बसवू लागताच की-बोर्ड आणि माउस दोन्ही निश्चल होत. गंमत अशी की, क्षणापूर्वी बायॉसच्या पडद्यावर तोच की-बोर्ड उत्तम चालत असे. बायॉसजवळ त्याचा स्वतःचा ड्रायव्हर असतो. पोर्ट निर्दोष असल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? उपायही साधा होता : ड्रायव्हर आधीच घातलेला पेन ड्राइव्ह वापरून प्रणाली बसविणे, किंवा यंत्रास जुने गोल पीएस/२ पोर्ट असल्यास की-बोर्ड तेथे जोडणे.

या उदाहरणावरून तपासणीचा क्रम ठरविता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे त्याचे मुख्य सूत्र. प्रथम तेच उपकरण दुसऱ्या पोर्टमध्ये, मग दुसरे उपकरण त्याच पोर्टमध्ये लावून पाहावे. तारही बदलावी, काही तारांतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते सुरू करावे. संगणकातील डिस्कला त्यामुळे हात लागत नाही. तेथे पोर्ट चालले, तर खाच आणि नियंत्रक शाबूत आहेत हे सिद्ध होते. मग विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडावा. पिवळी खूण दिसल्यास उत्पादकाकडील योग्य ड्रायव्हर बसवावा. वीज वाचविण्यासाठी प्रणालीने पोर्ट निद्रिस्त केले आहे काय आणि बायॉसमध्ये ते बंद ठेवले आहे काय, हेही पाहावे. कोणत्याही प्रणालीत आणि बायॉसमध्येही पोर्ट मुके राहिले, तरच खाचेचा किंवा चिपचा दोष मानावा.

या विवेकाची गरज आज विशेष आहे. विंडोज १० ची विनामूल्य सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपली. शाळांतील आणि ग्रंथालयांतील जुन्या संगणकांना लिनक्सवर आधारित प्रणालीचा आधार मिळू शकतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही अशीच एक प्रणाली होय. प्रणाली बदलताना एखादे पोर्ट मुके झाले, तर 'यंत्र संपले' असा निकाल घाईने दिला जाण्याचा संभव असतो.

त्या निकालाची किंमत दुसरेच कोणी तरी मोजते. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर हे टाकाऊ संगणक फोडून त्यांतील धातू व सुटे भाग काढण्याचे केंद्र म्हणून ओळखले जाते. या व्यवसायात जेथे तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि पट्ट्या आम्लात बुडविल्या जातात, तेथे शिशासारखी विषारी द्रव्ये माती, पाणी आणि कामगारांच्या शरीरात शिरतात. अशा कचऱ्याची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रांतून व्हावी यासाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले आहेत. परंतु जो संगणक भंगारात जातच नाही, त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्नच उद्भवत नाही. एका लहानशा आज्ञासंचाच्या अभावी धडधाकट यंत्र मोडीत निघू नये, यासाठी अर्ध्या तासाची शांत तपासणी बहुधा पुरेशी असते.