विडी हलकी नव्हे, अन् उशीरही झालेला नाही

उमरी, भोकर, धर्माबाद या भागात शेतावरचा माणूस सिगारेटच्या वाटेला फारसा जात नाही. त्याच्या खिशात विडीचे बंडल आणि काडेपेटी. औत सोडले की एक, चहा झाला की एक, रात्री मोटार चालू करून बांधावर बसले की दोन-तीन. विचारले तर म्हणतो, "सिगारेट वाईट. आपली विडी हलकी. पान तर रानातलंच हाय की!"

शेतकरी बंधूंनो, विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते, हे खरे आहे. पण तेंदूचे पान कागदासारखे हवा आत घेत नाही. विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. त्यामुळे निकोटीन, डांबरासारखा चिकट मळ आणि विषारी वायू छातीत कमी जात नाहीत, बहुधा जास्तच जातात.

आपल्याच देशातील मृत्यूंची एक मोठी पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी 6 वर्षांनी, तर बायांचे 8 वर्षांनी घटते, असे तीत आढळले. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची घट 10 वर्षांची निघाली. मग विडी बरी, असे कोणी म्हणेल. म्हणा बापडे! पण सहा वर्षे म्हणजे नातू पहिलीत गेल्यापासून सातवीत जाईपर्यंतचा काळ.

या मृत्यूंत क्षयाचा वाटा मोठा होता. आपल्याकडे खोकला आला की "विडीचा खोकला" म्हणून सोडून देतात, आणि तिथेच घात होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणीला आणि क्षयाच्या औषधाला पैसे पडत नाहीत. घरात लेकरू असेल तर तोच धूर त्याच्याही छातीत जातो. आणि ज्या घरात कापसाची गंजी आहे तिथे थोटूक काय करील, हे वेगळे सांगायला नको.

"चाळीस वर्षे ओढली, आता सोडून काय उपयोग?" असे म्हातारी माणसे विचारतात. उपयोग आहे. विलायतेतील डॉक्टरांवर पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासात साठीला सिगारेट सोडणाऱ्यांनाही सुमारे 3 वर्षे, पन्नाशीला सोडणाऱ्यांना 6, तर चाळिशीला सोडणाऱ्यांना 9 वर्षे जास्त मिळाली. सोडल्यावर दिवसा-दोन दिवसांत रक्तातला विषारी वायू उतरतो. काही आठवड्यांत दम कमी लागतो. हृदयविकाराचा धोका वर्ष-दोन वर्षांत बराच खाली येतो.

मात्र एक फसगत सांभाळा. विडी सोडून गायछाप चोळू लागणे म्हणजे खड्ड्यातून निघून विहिरीत पडणे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात 4 च्या आसपास, तर तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे 24 निघाले. तोंडाचा कर्करोग तिकडून येतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेना झाले, तर वाट पाहू नका.

सोडायची कशी? एक दिवस ठरवा आणि घरच्यांना सांगा. आदल्या रात्री बंडल, काडेपेटी खिशातून काढा. पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, बायको-पोरांवर राग निघतो. घरच्यांनी तेवढे सोसावे. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप किंवा भाजलेला ओवा चघळा, उठून बैलांना पेंढी टाका. चहानंतरची विडी सर्वांत चिवट. म्हणून काही दिवस चहा हॉटेलात न घेता घरीच घ्यावा. एखादे वेळी मोडले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. पुष्कळांची विडी दोन-तीन प्रयत्नांनीच सुटते.

एकट्याने जमेना तर 1800-112-356 या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत. नाहीतर बाजाराच्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना गाठा आणि रोज किती विड्या होतात ते खरे सांगा.