आकडा बाटलीवर, चव जिभेवर

भारतात जायची तिकिटं बुक झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या काकांचा किंवा मामांचा मेसेज ठरलेला असतो. 'येताना एक चांगली बाटली आण.' पूर्वी या 'चांगली'चा अर्थ स्कॉच असा असायचा. आता थेट विचारणा होते, 'ती सिंगल बॅरल बर्बन मिळते का रे तिकडे? एकशे वीस-तीस प्रूफवाली?' इकडे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्येही हे वेड चांगलंच पसरलंय. मी सिनसिनाटीत राहतो. ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी, म्हणजे बर्बनचं माहेरघर. त्यामुळे 'कुठली घेऊ?' हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. ब्रँडची यादी देण्यापेक्षा बाटली जोखायची कशी, हे सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

आधी तो आकडा समजून घेऊ. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट. १३० प्रूफ म्हणजे ६५ टक्के. भारतातल्या बाटल्यांवर '४२.८ टक्के' आणि '७५ डिग्री प्रूफ' असं लिहिलेलं अनेकांना आठवत असेल. ते माप जुनं ब्रिटिश आहे, त्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के. म्हणून तिकडचं ७५ आणि इकडचं ७५ एक नव्हे. भारतातली नेहमीची व्हिस्की अमेरिकेच्या हिशोबात सुमारे ८६ प्रूफ भरते. थोडक्यात, १३० प्रूफची बर्बन आपल्या ओळखीच्या व्हिस्कीच्या दीडपट कडक असते.

आता बर्बनचे नियम. ती अमेरिकेत बनलेली हवी. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातन १६० प्रूफच्या वर न्यायचं नाही. नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात ती भरायची आणि भरताना १२५ प्रूफची मर्यादा पाळायची. रंग किंवा वास वरून घालायचा नाही. बाटलीत आलेला तो सोनेरी-तांबूस रंग सगळा लाकडाचा.

इथे एखादा चाणाक्ष वाचक विचारेल, भरताना जास्तीत जास्त १२५, मग बाहेर पडताना १३० कशी? त्याचं उत्तर गोदामात आहे. केंटकीतली बरीचशी गोदामं अनेक मजली आणि वातानुकूलन नसलेली असतात. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवर भट्टीसारखं तापतं. तिथल्या कोरड्या गरम हवेत पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त वेगाने उडतं, त्यामुळे प्रूफ वाढत जातं. तळमजल्यावर गारवा आणि दमटपणा जास्त, तिथे प्रूफ स्थिर राहू शकतं किंवा उतरूही शकतं. म्हणजे चढा आकडा मुख्यत्वे हे सांगतो की हे पिंप कुठे आणि किती दिवस पडून होतं. आत काय तयार झालंय, चांगलं की वाईट, हे तो सांगत नाही.

'सिंगल बॅरल' म्हणजे एका बाटलीतली सगळी व्हिस्की एकाच पिंपातली. एरवी कंपन्या अनेक पिंपं एकत्र करतात, कारण गिऱ्हाईकाला दर वेळी तीच चव हवी असते. १९८४ साली फ्रँकफर्ट गावातल्या डिस्टिलरीत एल्मर टी. ली यांनी ब्लँटन्स बाजारात आणली आणि सिंगल बॅरल बर्बनच्या धंद्याची सुरुवात झाली. मिसळण कितीही कुशल असलं तरी त्यात टोकं घासली जातात. एकाच पिंपाच्या बर्बनमध्ये ती टोकं शाबूत राहतात, गुणांचीही आणि दोषांचीही.

दुकानात गोंधळ होतो तो इथेच. 'सिंगल बॅरल' आणि 'बॅरल प्रूफ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लँटन्स सिंगल बॅरल आहे, पण पाणी घालून ९३ प्रूफवर आणलेली. एलायजा क्रेग बॅरल प्रूफ आणि बुकर्स कडक आहेत, पण त्या अनेक पिंपांच्या मिश्रणातून येतात. रसेल्स रिझर्व्ह सिंगल बॅरल ११० वर आणि नॉब क्रीक सिंगल बॅरल १२० वर ठरवून आणलेली असते. एकाच पिंपातली आणि पाणी न घातलेली बर्बन बहुतेक वेळा एखाद्या दुकानाने किंवा क्लबने निवडलेल्या खास पिंपातून मिळते. फोर रोझेसकडे तर दोन धान्यमिश्रणं आणि पाच यीस्ट मिळून दहा पाककृती आहेत, आणि अशा खास पिंपांच्या बाटलीवर त्यातली कुठली, हे सांकेतिक अक्षरांत लिहिलेलं असतं. 'स्मॉल बॅच' या शब्दाला मात्र कायद्यात व्याख्या नाही. तो वाचून खिशात हात घालू नका.

आता चाखण्याकडे वळू. कडक बर्बन जोखताना पहिली अडचण अशी की अल्कोहोल नाकाला आणि जिभेला बधिर करतं. म्हणून घाई नको. तोंडाशी निमुळता होत जाणारा छोटा ग्लास घ्या आणि ओतल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. हनुवटीच्या उंचीवरून हळूहळू वर आणा, ओठ किंचित उघडे ठेवा. वाइनसारखं गरगर फिरवू नका, त्याने नुसती वाफ उसळते.

पहिला घोट अगदी चिमूटभर. त्यावर मत बनवायचं नाही, तो फक्त तोंडाला सूचना देण्यासाठी. दुसरा घोट तोंडभर फिरवा, जिभेच्या कडांपर्यंत जाऊ द्या आणि मग गिळा. गिळल्यावर घड्याळाकडे बघा. चव किती वेळ टिकते आणि टिकताना बदलते का? नुसती जळजळ मागे उरत असेल तर आकडा मोठा आणि माल सामान्य. गोड, मग तिखट, मग लाकूड अशी ती उलगडत गेली, तर त्या पिंपात खरोखर काहीतरी घडलेलं आहे.

मग पाणी. 'कडक आहे ती तशीच प्यायची, पाणी म्हणजे अपमान,' ही फुशारकी भारतातही ऐकू येते आणि इथेही. तिच्यात काही अर्थ नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून ग्वायाकॉल या धुरकट वासाच्या रेणूचा अभ्यास केला. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर असताना तो रेणू द्रवाच्या पोटात दडून राहतो. पाणी घालून ४५ टक्क्यांच्या आसपास आणलं की पृष्ठभागाकडे, म्हणजे आपल्या नाकाकडे, येतो. एका रेणूवरून सगळ्या चवीचा निकाल लावता येत नाही, पण दिशा कळते.

हिशोब सोपा आहे. ६५ टक्क्यांच्या १० मिलीत ३ मिली पाणी घातलं की ती ५० टक्क्यांवर येते. मुलांच्या औषधाबरोबर मिळणारं मापाचं झाकण यासाठी उत्तम. आधी पाण्याशिवाय, मग थोडं थोडं घालत, प्रत्येक टप्प्यावर काय बदललं ते बघा. बर्बनचा खरा दर्जा मला तरी इथे कळतो. चांगलं पिंप पाण्यानंतर खुलतं. कमअस्सल पिंप पातळ आणि कडवट होतं, कारण इतका वेळ अल्कोहोलच्या झणक्याने त्याचे दोष झाकलेले असतात.

वर्णनाची भाषा हाही एक अडथळा आहे. इथल्या समीक्षांमध्ये ग्रॅहम क्रॅकर, रूट बिअर, चेरी पाय असे शब्द असतात. ज्याने लहानपणी ते खाल्लेच नाहीत त्याला नाकात ते सापडणार कसे? अनेक जण मग 'आपल्याला काही कळत नाही बुवा' म्हणून सोडून देतात. खरं तर आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. लाकडातल्या लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो. लाकडातल्या साखरा जळून काकवी आणि करपत आलेल्या पाकाची चव येते. काही बर्बनमध्ये चक्क शेंगदाण्याची चिक्की असते. राय जास्त असेल तर लवंग, दालचिनी, जायफळ. टॅनिन जास्त झालं तर विड्यातल्या काताचा तुरटपणा किंवा खूप उकळलेल्या कोऱ्या चहाचा कडवटपणा. कोवळ्या बर्बनमध्ये कच्च्या पिठाचा वास येतो, आणि नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण झाली तर ती दोषाचीच खूण समजा. आमच्या घरात बायकोचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. एका बर्बनला ती 'पुरणात जायफळ जास्त पडलंय' म्हणाली. बाटलीमागच्या लांबलचक इंग्रजी वर्णनापेक्षा मला ते वाक्य उपयोगी पडलं.

यानंतरही एक शत्रू उरतो, तो म्हणजे लेबल. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात वाइनवर एक प्रयोग झाला. तीच वाइन जास्त किंमत सांगून दिली, तेव्हा लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही तसाच फरक दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, किंमत त्यांना खरोखरच चव देत होती. यावर उपाय, डोळ्यांआड चाखणं. आम्ही सहा जण एकदा बसलो. तीन ग्लास, त्यातल्या दोघांत एकाच बाटलीतली आणि तिसऱ्यात त्याच कंपनीची, तेवढ्याच प्रूफची, पण दुसऱ्या पिंपाची बर्बन. वेगळा ग्लास ओळखायचा. चौघांना ओळखता आला. नुसत्या अंदाजाने दोघांना आला असता. सहा म्हणजे फारच छोटा नमुना, हे मी इंजिनीअर म्हणून कबूल करतो. पण पिंपापिंपात फरक असतो ही कल्पना हवेतली नाही, एवढं आम्हाला पटलं.

याचा खिशाशी थेट संबंध आहे. ओहायोत मद्याची किंमत सरकार ठरवतं, म्हणून प्रत्येक दुकानात ती एकच असते. अनेक राज्यांत तसं नाही. तिथे नावाजलेली बाटली कंपनीने सुचवलेल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट भावाने फडताळात दिसते. परवाना नसलेल्या व्यक्तीकडून परस्पर विकत घेणं बहुतेक राज्यांत बेकायदा आहे आणि बनावट मालाची भीती वेगळी. दुर्मीळ असणं आणि चवीला चांगलं असणं यात फरक आहे, हे डोळ्यांआड चाखताना जितकं स्पष्ट होतं तितकं कुठेच होत नाही.

आता थोडं गंभीर. अमेरिकेत एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे सुमारे १७.७ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडचा साठ मिलीचा लार्ज १३० प्रूफ बर्बनचा भरला तर त्यात ३९ मिली अल्कोहोल जातं, म्हणजे दोनपेक्षा जास्त ड्रिंक. भारतातून आलेले सासरे किंवा मोठे भाऊ सवयीने दोन लार्ज घेतात, तेव्हा त्यांच्या पोटात तीन लार्ज गेलेले असतात. त्यात जेट लॅग आणि रक्तदाबाच्या गोळ्या. ओतणाऱ्या यजमानाने हे सांगितलंच पाहिजे. चाखण्यासाठी १० मिली पुरतात. तीन ग्लासांचे मिळून एक ड्रिंक होतं.

आणि गाडी. युटामध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, बाकी राज्यांत ०.०८. आपल्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी प्रश्न दंडापुरता नसतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा शाबित झाला नाही, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढलेल्या कुटुंबाने एका संध्याकाळीसाठी हा धोका का पत्करावा? बैठक ज्याच्या घरी असेल त्याने परतीच्या टॅक्सीची सोय आधी करावी. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. जो पीत नाही त्याला आग्रह करू नये, हे ओघाने आलंच.

बाटली भारतात न्यायची असेल तर दोन नियम लक्षात ठेवा. ७० टक्क्यांच्या, म्हणजे १४० प्रूफच्या, वरची बाटली विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. अशा बाटल्यांना शौकीन गमतीने 'हॅझमॅट' म्हणतात, धोकादायक पदार्थ या अर्थाने. २४ ते ७० टक्क्यांपर्यंतची बाटली सीलबंद हवी. भारतात एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं. ज्यांना न्यायची त्यांना पाण्याचा हिशोबही कळवा, नाहीतर ती सोडा-बर्फात बुडून संपेल आणि 'नुसतीच कडक होती' असा शेरा मिळेल.

शेवटी एक सवय सुचवतो. दोनशे लिटरच्या पिंपातलं बरंचसं हवेत उडून जातं आणि हाती दीडशे-दोनशे बाटल्या लागतात, जुन्या पिंपातून त्याहूनही कमी. त्या संपल्या की ते पिंप संपलं. तेच नाव, तेच लेबल पुढच्या वर्षी मिळेल, ती चव मिळेलच असं नाही. म्हणून फोनमध्ये प्रत्येक बाटलीची एक नोंद ठेवा: पिंपाचा नंबर, गोदाम, मजला, प्रूफ आणि पाण्याआधी व पाण्यानंतर काय वाटलं ते, आपल्या शब्दांत. दहा-बारा नोंदी झाल्या की आपल्याला काय आवडतं ते कळायला लागतं, आणि मग दुकानात उभं राहून इतरांचे गुण शोधावे लागत नाहीत.