यूरिक आम्ल आणि रक्तातील मेद

रक्ततपासणीत यूरिक आम्ल वाढलेले आढळले, की पुष्कळ प्रौढांत ट्रायग्लिसराइड हा मेदही वाढलेला दिसतो. मग एकामुळे दुसरे वाढते काय?

पेशींतील प्युरिनांचे विघटन होऊन यूरिक आम्ल बनते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे विकर त्याचे पुढे विघटन करते. माणसात हे विकर नसल्याने ते मुख्यतः मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले, की सांध्यांत त्याचे स्फटिक साचू शकतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणारी तारलीच घ्या. तिच्यात प्युरिने भरपूर, त्यामुळे यूरिक आम्ल वाढते. पण तिच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले ट्रायग्लिसराइड घटवण्यास मदत करतात. आता साखर घातलेले सरबत पाहा. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज. यकृतात त्यावर प्रक्रिया होताना एटीपी झपाट्याने खर्च होते व त्यातून यूरिक आम्ल तयार होते. जादा फ्रुक्टोजपासून मेदही बनतो. दोन्ही एकदम वाढतात. स्थूलतेत इन्सुलिनचा प्रभाव कमी पडला, की यकृत रक्तात अधिक मेद सोडते आणि मूत्रपिंडे यूरिक आम्ल कमी टाकतात.

थोडक्यात, कारण बहुधा सामाईक आहे. आनुवंशिकतेने यूरिक आम्ल अधिक असणाऱ्यांत केवळ त्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढल्याचे आढळलेले नाही. म्हणून मासळी सोडून गोड पेये चालू ठेवणाऱ्याचे दुखणे अर्धेच हाताळले जाते.

वर्गात विचारा: पावसाळ्यात छत्र्या आणि बेडूक बरोबरच दिसतात, छत्र्यांमुळे बेडूक येतात का?