हाताने घडवू, हाताने शिकू (लेखांक ६) : काड्यांचा पूल

मागच्या आठवड्यात आपण कागदाच्या नळ्यांवर पुस्तकांची चळत उभी केली. आज आइसक्रीमच्या ४४ काड्या, लाकडाला लावायचा पांढरा डिंक आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर पूल बांधू.

आधी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टोकांना टाचण्यांनी जोडून चौकोन करा. कोपऱ्याला बोट लावताच तो कलतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. पट्टीची लांबी बदलल्याशिवाय त्याचा कोन बदलूच शकत नाही. छपराखालची सुतारांची कैची याच बळावर तगते. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला, रिव्हेट ठोकून जोडलेला हावडा पूलही असाच त्रिकोणांचा आहे.

पुलाची एक बाजू अशी : खाली चार काड्या ओळीत, वर तीन, मध्ये आठ तिरप्या. टोकं एकमेकांवर सेंटिमीटरभर चढवा, म्हणजे ४० सेंटिमीटरचा पूल होईल. अशा दोन बाजू करून अर्ध्या कापलेल्या नऊ काड्यांनी खाली-वर जोडा.

आता मधोमध वजन टांगलं की काय होतं, ते नीट समजून घ्या. खालच्या काड्या ताणल्या जातात, वरच्या दाबल्या जातात. एक काडी दोन तळहातांत धरून टोकांकडून दाबा. ती मोडण्याआधी कमानीसारखी बाहेर वाकते. ओढून पाहा, हाताने तुटणार नाही. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवलं होतं की सडपातळ खांबाची लांबी निम्मी केली, तर तो वाकण्याआधी चौपट भार पेलतो. म्हणून वरच्या काड्या दुहेरी चिकटवा आणि दोन बाजूंच्या मध्ये, वरच्या अंगाला तीन काड्या तिरप्या लावा. माझ्या पहिल्या पुलात या तीन काड्या नव्हत्या. बादली जेमतेम अर्धी भरली आणि वरची ओळ सापासारखी वळून बाजूला गेली. खालची एकही काडी तुटली नव्हती. त्या दिवसापासून मी पूल पाहताना आधी वर बघतो.

डिंकाचा थर पातळ ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर चिमटा लावून एक दिवस तसाच राहू द्या. घाई करू नका, खरं काम सांध्यांचंच आहे.

दोन स्टुलांमध्ये पूल ठेवून मधल्या आडव्या काडीला दोरीने बादली बांधा. मापाने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो. काड्या कुरकुरू लागल्या की ओतणं थांबवून कान द्या, कुठली बोलते आहे ते कळतं. पूल मोडल्यावर तुकडे टाकून देऊ नका. सांध्यावर लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर डिंकाने आपलं काम चोख केलं. सांधा गुळगुळीत सुटला असेल, तर चिमटे लवकर निघाले होते. तो तुकडा जपून ठेवा, पुढच्या आठवड्यात त्याच्यापासूनच सुरुवात करू.