हरमुखच्या कुशीतली सरोवरं

काश्मीर पाहून आलेली घरं आता आपल्यात पुष्कळ आहेत. दल सरोवरातला शिकारा, गुलमर्गचा बर्फ, हजरतबलला दोन रकात नमाज आणि परतीच्या पिशवीत अक्रोड, एवढ्यावर सहल पुरी होते. पण सोनमर्गजवळ शितकडीला गाडी सोडून उत्तरेच्या डोंगरात शिरलं, की नारानागपर्यंत सुमारे ७० किलोमीटरची पायवाट आहे. ना हॉटेल, ना दुकान, ना मोबाइलची रेंज. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही नऊ जण या वाटेनं गेलो. त्यात चार स्त्रिया होत्या. थोरल्या खालांनी पन्नाशी ओलांडलेली.

पहिला चढ जंगलातून जातो. आधी मॅपल आणि पाइन, मग भूर्जाची झाडं. त्यांची पांढरी साल कागदासारखी सुटते. जुन्या काळी काश्मिरात याच सालीवर ग्रंथ लिहीत. भूर्ज संपला की झाडं संपतात आणि नुसतं गवत, दगड आणि आभाळ उरतं. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. निचनईच्या मुक्कामालाच आम्ही तिच्या दुपटीहून वर होतो, आणि गडसरची खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तिथे दहा पावलांवर दम लागतो. खाला मात्र तस्बीह हातात धरून एका लयीत चालत राहिल्या आणि तरुण पोरांच्या आधी वर पोहोचल्या!

विशनसर, कृष्णसर, गडसर, सतसर, नुंदकोल, गंगाबल ही सरोवरं बर्फानं घडवलेली आहेत. हिमयुगात इथे हिमनद्या होत्या. त्यांचा भार सरकताना खडक खरवडत गेला, वाडग्यासारखे खळगे पडले आणि बर्फानं पुढे ढकललेल्या दगडमातीचे बांध झाले. बर्फ मागे हटला, खळग्यांत पाणी साठलं. आपलं लोणार उल्केच्या आघातानं क्षणात घडलं; इथे हेच काम हजारो वर्षं संथपणे चाललं. खडकाची बारीक पूड पाण्यात तरंगते, म्हणून काही ठिकाणी त्याचा रंग फिरोजी दिसतो. काश्मिरीत गाड म्हणजे मासा, त्यावरून गडसर. विशनसरमध्ये ट्राउट आहे, पण तो मूळचा इथला नाही. इंग्रजांच्या काळात विलायतेहून आणलेला.

घरी परतल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं : नमाजचं काय केलंत? आमच्यात कोकणातले शाफई होते, मराठवाड्यातले हनफी. चार रकातींच्या दोन, म्हणजे कस्र, दोघांनीही केली. शाफईंनी जुहर-असर एकत्र केली, हनफींनी आपापल्या वेळी. वाद कुणी घातला नाही, तेवढा श्वासही शिल्लक नसे. पहाटे फजरच्या वुजूला पाणी असं, की बोटं आहेत की नाहीत ते कळेना. चामड्याचे मोजे पूर्ण वुजू करून घातले, तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. ही सवलत मदरशात पाठ केली होती, तिची किंमत इथे कळली. किब्ल्याचीही गंमत आहे. मुंबईत आपण पश्चिमेकडून किंचित उत्तरेला वळतो. इथे पश्चिमेकडून दक्षिणेला वळावं लागतं. सवयीनं उभं राहिलं तर वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो. होकायंत्र जवळ ठेवाच.

आम्ही चढत होतो तेव्हा बकरवाल उतरायला लागले होते. राजौरी, पूंछ, रियासीकडचे हे मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन या कुरणांवर येतात आणि थंडीच्या चाहुलीनं खाली परततात. बोली गोजरी, धर्म इस्लाम. १९९१ पासून ते अनुसूचित जमातींत आहेत. घोड्यावर भांडी, त्यावर कोंबडी, त्यावर झोपलेलं मूल, आणि बाजूनं चालणारी आई. सलाम करताच एका डेऱ्यातल्या बाईंनी आमच्या बायकांना आत बोलावलं. मक्याची भाकरी आणि ताक दिलं. पैसे घेतले नाहीत. तिथलं पाणी त्या दोन लोट्यांत भागवत होत्या, ओढा वीस पावलांवर असूनही.

त्याच ओढ्याकाठी आमच्यासारख्याच प्रवाशांनी टाकलेली नूडल्सची वेष्टनं, ओले टिश्यू आणि शाम्पूच्या पुड्या पडल्या होत्या. सरोवरात साबण लावून आंघोळ करणारेही पाहिले. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. मग नदीच्या उगमाशी कसं वागावं, हे वेगळं सांगायला हवं का? आमच्या घोडेवाल्याने हरमुखचा कडा दाखवून सांगितलं, की त्याच्या लहानपणी बर्फ बराच खालपर्यंत असे. हे केवळ म्हाताऱ्याचं स्मरणरंजन नव्हे. काश्मीरमधल्या हिमनद्या मागे हटत असल्याची नोंद शास्त्रज्ञांनीही केली आहे. कोलाहोई हे त्याचं ठळक उदाहरण.

या पाण्याचा प्रवास नकाशावर पाहण्यासारखा आहे. कृष्णसर-विशनसरचं पाणी किशनगंगेत जातं. नियंत्रण रेषेपलीकडे तिलाच नीलम म्हणतात. गंगाबलचं पाणी वांगत नाल्यातून सिंध नदीला मिळतं (ही सिंध म्हणजे ती मोठी सिंधू नव्हे), तिथून झेलमला. आणि पुढे मुजफ्फराबादला झेलम व नीलम एकत्र येतात. एकाच डोंगराचं पाणी दोन दिशांनी जाऊन शेवटी भेटतं.

५,१४२ मीटर उंच हरमुखखालचं गंगाबल सर्वांत मोठं, सुमारे अडीच किलोमीटर लांब. काश्मिरी पंडितांचं हे पवित्र स्थान. पूर्वी ते इथे अस्थी आणत. आम्ही तिथे एक पूर्ण दिवस काही न करता बसून होतो, आणि तोच सगळ्यांना सर्वांत जास्त आठवतो.

नारानागचा शेवटचा उतार पाइनच्या जंगलातून सरळ खाली येतो आणि गुडघे मोडतो. खाली जुन्या दगडी मंदिरांचे अवशेष आहेत. जायचं तर जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. परवानगी आणि परिस्थितीची चौकशी आधी करा, लष्करी चौक्यांवर दाखवायला मूळ ओळखपत्र घ्या. आणि एक रिकामं पोतं घ्या. आमचं दोन मुक्कामांतच भरलं, तेही दुसऱ्यांच्या कचऱ्यानं.